गुरुजी निघाले चाकांवर

अहो, ऐकलंत का? जरा तारेजवळ या, मोठ्यानं बोलता यायचं नाही. गुरुजींनी घर भाड्यानं द्यायचं काढलंय. अख्खं! आणि दोघं नवरा-बायको गाडीत राहणार. फिरायला नव्हे हो, राहायलाच. बारा महिने. ती जुनी ट्रॅव्हलर दारात येऊन उभी राहिली ना, तिचं गौडबंगाल हे. मला आपलं वाटलं, मोरगावची भाडी मारायला घेतली असेल...

हे सगळं त्या भाच्यामुळं. तो नाही का, अमेरिकेतला. त्यानं व्हिडिओ पाठवला. तिकडं म्हणे रिटायर झालेली माणसं घरं विकतात, बसएवढी गाडी घेतात आणि जिथं नळ आणि वीज जोडून मिळते अशा जागी नेऊन उभी करतात. एका जागी महिनाभर थांबलं तर भाडं स्वस्त पडतं, रोज जागा बदलली तर महाग. गुरुजींच्या कानात फक्त ‘स्वस्त’ तेवढं शिरलं. दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही. समास आखलेला, तोही लाल पेनानं!

परवा सगळी मंडळी ओट्यावर बसलेली, मीही ताक द्यायच्या निमित्तानं गेले. लेक हिंजवडीहून आलेला, सूनबाई होत्या, गुरुजींच्या बाई शेंगा फोडत होत्या. गुरुजींनी जमा वाचली. पेन्शन इतकी, घरभाडं इतकं. आकडे मी सांगत नाही, बरं दिसत नाही. नंतर सांगते. मग खर्च आला. डिझेल, रोजचे १०० किलोमीटर धरून. लेकानं मोबाईलवर गुणाकार केला. ‘अप्पा, ही गाडी लिटरला १० दिलं तरी पुष्कळ. डिझेल ९० धरा. महिन्याला २७,००० नुसते धुरात.’

गुरुजी म्हणाले, ‘बरं, ५० किलोमीटर धरू.’

‘साडेतेरा हजार.’

‘मग २५ धरू.’

बाई शेंगांतून मान वर न काढता म्हणतात कशा, ‘इथंच ओट्यावर बसा, शून्य येईल.’

मला तर पदर तोंडात कोंबावा लागला. तर काय सांगत होते... हां, टोल. पाटसचा टोल काय गुरुजींना नवा नाही. ते म्हणाले, ‘वर्षाचा पास आहे, २०० फेऱ्यांचा.’ लेक म्हणाला, ‘तो कार, जीप, व्हॅनला, अप्पा. तुमची मिनीबस आहे. आणि मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला तर तो कारलासुद्धा चालत नाही.’ एक ओळ खोडली. मग सीटा काढून आत ओटा आणि पलंग बसवायचा, तर म्हणे गाडीत असा बदल करायला आधी बारामतीच्या आरटीओची परवानगी, कायद्याचं कलम ५२. ती काढली नाही तर उद्या इन्शुरन्सवाले हात वर करतील. तो खर्च वहीत नव्हताच. गॅस मात्र लिहिलेला, ५ किलोची छोटी टाकी, तिला पत्त्याचा पुरावा लागत नाही म्हणून. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवून होतो, तेही लिहिलेलं. म्हणजे माणूस जिवंत आहे याची सोय झाली, पण...

पण सूनबाईंनी हळूच विचारलं, ‘अप्पा, संडासाची टाकी कुठं रिकामी करायची?’

काय सांगू तुम्हाला! गुरुजी पान उलटतात, परत उलटतात. म्हणाले, ‘सरकारनं २०२१ ला कॅराव्हॅनचं धोरण आणलंय, त्यात पार्कची सोय आहे, पाणी, वीज, सांडपाणी, सगळं.’ बाई म्हणाल्या, ‘सुप्यापासून बारामतीपर्यंत एक दाखवा.’ चेहरा असा पडला, मलाच वाईट वाटलं. आणि पाण्याचं तर बोलूच नका. आपल्या जिरायती पट्ट्यात घराला नाही, पाण्याला चाकं असतात!

सूनबाईंनी मग त्या ऑस्करवाल्या ‘नोमॅडलँड’ सिनेमाचं काढलं. त्यात ती बाई व्हॅनमध्ये राहते आणि पैशासाठी बीटच्या हंगामाला जाते. साखरेच्या बीटच्या हो. मी म्हटलं, म्हणजे माळेगाव-सोमेश्वरला ऊसतोडीला कोयता घेऊन येतात तशीच की! फक्त तिला मुकादम आणि उचल नव्हती. गुरुजींनी माझ्याकडं असं बघितलं...

आणि तेवढ्यात, अहो, खरी गंमत इथं आहे, दारात धनगराची म्हातारी उभी. गुरुजींच्या खालच्या वावरात मेंढ्या बसवल्या होत्या ना, त्याचे पैसे न्यायला आलेली. बाईंनी पैसे मोजले, वर पायलीभर बाजरी दिली. म्हातारीनं विचारलं, ‘गुर्जी काय लिवत्यात?’ बाईंनी सांगितलं, गाडीत राहायचा हिशेब. मुक्कामाच्या जागेचं भाडं किती धरावं ते ठरेना.

म्हातारी हसली हो. ‘आमी हुबं ऱ्हायलो की पैकं घेतो, तुमी हुबं राहून देनार व्हय?’

ओट्यावर चिडीचूप. खरंच की! शेतकऱ्याला लेंडी आणि मूत वावरात हवं असतं म्हणून तो बोलावतो, रात्रीचा दर ठरवतो, पैसे नाहीतर धान्य देतो. कोकणात उतरल्यावर भातखाचरात बसवलं की भात मिळतो. सामान घोडीवर, तिला चारा वाटेवर. दुखणंखुपणं, लग्नकार्य आलं की एखादं कोकरू विकायचं. गुरुजींच्या वहीत दवाखान्याला रकानाच नव्हता, मी वाकून बघितलं.

तसं त्यांचंही काही सुखाचं नाही बरं का. मेंढी कुणाच्या पिकात शिरली की भरपाई. अभयारण्याच्या कडेला लांडगा. लोकरीला तर भाव एवढा पडलाय की कातरणीचेसुद्धा सुटत नाहीत, म्हातारी सांगत होती. सूनबाईंनी विचारलं, ‘मग आजी, तुमचं घर?’

‘हाय की. थोरली सून ऱ्हाती, पोरं साळंत हायेत. दिवाळी झाली की निघायाचं, पावसाच्या आत माघारी. पावसात मेंढराचं खूर सडत्यात. घर मोडून कोन निघतंय?’

बाईंनी गुरुजींकडं बघितलं. नुसतं बघितलं. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत पुसला. भाडेकरूचा इसार घेतलाय ना त्यांनी! परत करायची वेळ आली. लेकाला वाटलं, सुटलो. तो संध्याकाळीच हिंजवडीला गेला, खुशीत.

आणि अहो, काल बाई माझ्याकडं आल्या त्या वही घेऊनच. मला वाटलं, चुलीत घालायला आणली. छे! पुढच्या दोनच खोल्या भाड्यानं द्यायच्या, मागची स्वतःकडं. पावसाळ्यात घरी, दिवाळीनंतर बाहेर. एका गावी महिनाभर मुक्काम, नात्यातल्याच कुणाच्या तरी वावरात, म्हणजे विहीर आणि संडास त्यांचा. बदल्यात गुरुजींनी त्यांची पोरं शिकवायची. डिझेलला महिन्याला एकच टाकी, दुसरी मागितली तर पायी. दवाखान्याचा रकाना पहिल्या पानावर. हे सगळं बाईंचं अक्षर! आता गुरुजींना पाच रुपये लिहायचे तरी वही मागावी लागते.

पण कुणाला बोलू नका हं. सूनबाईंना तर मुळीच नको, त्यांना वाटतंय बेत बारगळला.