आजोळी स्थळं मिळतील

(रंगमंचावर एकामागे एक तीन खुर्च्या. बाकी काही नाही.)

मागची खुर्ची आजीची, मधली आईची, पुढची लेकीची. ब्रूस बेरेसफर्डच्या २०११ सालच्या ‘पीस, लव्ह अँड मिसअंडरस्टँडिंग’ या चित्रपटात त्यांवर बसल्यात जेन फोंडा, कॅथरीन कीनर आणि एलिझाबेथ ओल्सन. आजी आणि आई, या मायलेकींचा वीस वर्षांचा अबोला. का? तर लेकीच्या लग्नात हिप्पी आईनं गांजा विकला! आपल्याकडे मानपानावरून रुसवे होतात; इथे वधूच्या आईनं मानपान रोखीनं उरकला. आता संसार मोडायला आलेली ही वकील लेक दोन मुलांना घेऊन आईकडे वुडस्टॉकला येते. प्रेक्षक सरसावून बसतो, की आता मायलेकी बोलणार! पण वकीलबाईंना भेटतो गाणारा सुतार, शाकाहारी नातीला खाटीक आणि नातवाला कॉफीच्या दुकानातली मुलगी. काही दिवसांच्या मुक्कामात तीन स्थळं! वधू-वर सूचक मंडळानं शाखा काढावी असं आजोळ.

(तिन्ही खुर्च्या तीन कोपऱ्यांत नेऊन ठेवतो.)

माझी तक्रार इथेच आहे. पिढ्या म्हणजे उतरंड. वरच्या मडक्याचा भार खालच्यावर येतो, म्हणून तर ती उतरंड. इथे तीन मडकी तीन कोनाड्यांत, प्रत्येकावर वेगळं झाकण. तुम्ही म्हणाल, अहो, हलकाफुलका सिनेमा, तराजू कशाला काढता? काढतो, कारण याच दिग्दर्शकाचा १९८९चा ‘ड्रायव्हिंग मिस डेझी’सुद्धा हलकाच होता. पण एका म्हातारीचं आणि तिच्या ड्रायव्हरचं सूत जुळायला त्यानं १९४८पासून पुढची पंचवीस वर्षं दिली. चित्रपटाला ऑस्करही मिळालं. म्हणजे लोणचं कसं मुरवतात हे गृहस्थांना ठाऊक आहे. या खेपेस बरणी उन्हात ठेवायचा कंटाळा केला.

‘पण जेन फोंडा काय गोड दिसते!’ दिसते ना, आणि म्हणूनच जास्त चीड येते. ही बाई १९७२ साली, व्हिएतनाम युद्ध चालू असताना, हनोईत शत्रूच्या विमानविरोधी तोफेवर बसली, तो फोटो अमेरिकेतले कित्येक जण अजून विसरलेले नाहीत. बंडाची किंमत काय असते आणि ती घरातल्यांना कशी चुकवावी लागते, हे विचारायला याहून योग्य नटी कोण? सिनेमा तिला देतो काय, तर घरात कोंबड्या आणि पौर्णिमेला बायकांचा जमाव. उलट लेकीलाच सगळे सांगतात, बाई, जरा मोकळी हो! अशा आईपोटी अशी कडक मुलगी का निपजली, हा या गोष्टीतला एकमेव खरा प्रश्न. तो कुणी विचारत नाही. ती वकील आहे हो, आणि संपूर्ण चित्रपटात तिचीच बाजू ऐकली जात नाही. निकाल एकतर्फी!

(एक खुर्ची उचलून निघतो, मग थांबतो.)

आणि वुडस्टॉकचं म्हणाल, तर १९६९चा तो जगप्रसिद्ध महोत्सव वुडस्टॉकमध्ये झालाच नव्हता. तो झाला दूर बेथेलला, एका गवळ्याच्या शेतात. सिनेमाचंही तसंच: पाटी वुडस्टॉकची, बंड भलतीकडेच.

(अंधार.)