वाचाल तर बुडाल

‘वाचाल तर वाचाल’ ही पाटी आपल्याकडच्या शाळा-ग्रंथालयांच्या भिंतींवर वर्षानुवर्षं धूळ खात लटकते आहे. अमेरिकेतल्या जुन्या कॉमिक्सच्या दुकानात कुणी ती लावली, तर मालकाला घेरीच यायची. तिथं वाचणारा बुडतो आणि न वाचणाऱ्याचं नशीब फळफळतं.

‘अॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक घ्या. जून 1938, किंमत 10 सेंट, मुखपृष्ठावर अख्खी मोटार डोक्यावर उचलून धरलेला सुपरमॅन. अंदाजे दोन लाख प्रती छापल्या गेल्या. आज जेमतेम शंभरेक उरल्या असाव्यात, असं जाणकार सांगतात. बाकीच्यांचं काय झालं? पोरांनी वाचल्या! सुरळी करून खिशात कोंबल्या, भावंडांशी ओढाताण करून फाडल्या. मग महायुद्ध आलं आणि देशासाठी कागद गोळा करण्याच्या मोहिमेत ढिगानं कॉमिक्स रद्दीत गेली. ज्यांनी ही देशसेवा केली, त्यांच्या नातवंडांना आजही हुंदका आवरत नसेल.

उरलेल्या शंभरांत प्रत कोणाची किती चांगली, यावर भांडणं व्हायचीच. त्यासाठी 2000 साली ‘सीजीसी’ नावाची परीक्षक कंपनी निघाली. अंक पाठवायचा, फी भरायची, निकालाची वाट बघायची. गुण 0.5 ते 10. श्रेणींची नावं मात्र मोठ्या मायाळू माणसानं ठेवलेली दिसतात. ‘गुड’ म्हणजे दहापैकी 2, ‘व्हेरी गुड’ म्हणजे 4. शंभरात वीस मिळवणाऱ्या पोराला शाबासकी देणारं असं बोर्ड आपल्याकडे असतं, तर किती घरांतली आदळआपट वाचली असती!

परीक्षा मात्र कडक. अंकाच्या पाठीवर, दुमडीच्या कडेला, रंग उडून केसाएवढी पांढरी रेघ उमटली आहे का? स्टेपलच्या पिना गंजल्यात का? कोपरा बोथट झालाय का? पानं पांढरी, मळकट पांढरी, सायीच्या रंगाची, की पापडासारखी तुकडे पडणारी? पान न् पान मोजलं जातं. गोष्ट कशी आहे, याला शून्य गुण. निकाल लागला की अंक पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचा बंद होतो. तिला ‘स्लॅब’ म्हणतात. डबी फोडली की ग्रेड गेली. म्हणजे लाखो डॉलर मोजून घेतलेल्या पुस्तकाचं मालकाला फक्त मुखपृष्ठ दिसतं आणि मलपृष्ठ. गोष्ट वाचायची हौस असेल, तर पुनर्मुद्रण विकत घ्यावं.

यातही सोवळं-ओवळं आहे. ऊब, दमटपणा आणि दाब देऊन अंकाच्या सुरकुत्या घालवता येतात. याला ‘प्रेसिंग’ म्हणतात, म्हणजे साधी इस्त्री. ती चालते. पण उडालेल्या रंगावर कुणी ब्रशचा ठिपका ठेवलेला आढळला, की अंकाला जांभळं लेबल लागतं आणि भाव धाडकन कोसळतो. परीटघडी शुद्ध, पावडर-लाली अशुद्ध. इस्त्री करणारी एक कंपनी तर गुण देणाऱ्या कंपनीच्याच घराण्यातली आहे. ज्या मास्तरांकडे पेपर तपासायला जाणार, त्यांच्याच घरी शिकवणी लावायची ही पद्धत आपल्या पालकांना नव्यानं समजावून सांगायला नको.

न वाचण्याचं हे अर्थशास्त्र कळून, सीजीसीच्याही आधी, नव्वदच्या दशकात जनता शहाणी झाली. 1991मध्ये ‘एक्स-मेन’चा नवा पहिला अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह आला आणि त्याच्या 80 लाखांहून जास्त प्रती गेल्या. पुढच्याच वर्षी सुपरमॅन मेला. तो अंक काळ्या पिशवीत सीलबंद, आत दंडाला बांधायची काळी फीतही. लोकांनी दोन-दोन प्रती घेतल्या: एक सुतकासाठी, एक पोराच्या कॉलेजच्या फीसाठी. सुपरमॅन 1993मध्येच परत आला. कॉलेजची फी काही आली नाही. सगळ्यांनीच जपून ठेवलं, तर दुर्मीळ काय राहणार? ते अंक आजही जुन्या कॉमिक्सच्या खोक्यांत किरकोळ भावात मुबलक मिळतात.

खरी हुशारी दाखवली ती कॅलिफोर्नियातल्या एका आईनं. तिनं लहानपणी भावाबरोबर घेतलेली कॉमिक्स टाकली नाहीत, मुलांना दाखवलीही नाहीत. ती गेल्यावर तिघा मुलांना माळ्यावर वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली पुठ्ठ्याचं खोकं सापडलं. आत 1939चा ‘सुपरमॅन’चा पहिला अंक, ग्रेड 9.0. नोव्हेंबर 2025मध्ये तो लिलावात 91 लाख 20 हजार डॉलरला गेला. वरची वर्तमानपत्रं किती किलो भरली, हे मात्र कुठं छापून आलं नाही.

आपल्याकडे अशी आई सापडणं कठीण; दिवाळीच्या साफसफाईत माळा रिकामा करण्याचा तिचा निश्चय पक्का असतो. 1964 ते 1990 टाइम्स समूहानं मुंबईतून काढलेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ला हल्ली शौकीन भाव देतात. पण मराठी घरांतल्या वेताळाच्या आणि मँड्रेकच्या अंकांची अवस्था काय? वर वाचनालयाचा शिक्का, त्याखाली ‘हे पुस्तक चोरणाऱ्याचे हात तुटोत’ असा बॉलपेननं दिलेला शाप, आत आमटीचा डाग. त्यातून मालक फारच व्यवस्थित असेल, तर त्यानं वीस अंक एकत्र शिवून, कडा कापून, कापडी बाइंडिंग केलेलं. त्या एका टापटिपीनं वीस अंक एकदम नापास.

नुसत्या अंकांनाच भाव येतो असंही नाही. सुपरमॅनचे जन्मदाते जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी 1938मध्ये त्याचे सगळे हक्क 130 डॉलरना विकले. इतर कामाचे पैसे धरून दोघांना 412 डॉलरचा चेक मिळाला. 2012मध्ये तो वटवून झालेला चेकच लिलावात निघाला आणि एक लाख साठ हजार डॉलरला गेला. दोघांना मिळालेल्या पैशापेक्षा पावती महाग ठरली.

शेवटी चोराचं बघा. अभिनेता निकोलस केज यानं नव्वदच्या दशकात ‘अॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक सुमारे दीड लाख डॉलरना घेतला. 2000 साली तो त्याच्या घरातून चोरीला गेला आणि 2011मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका भाड्याच्या गोदामात सापडला. त्याच वर्षी तो 21 लाख 60 हजार डॉलरना विकला गेला; जानेवारी 2026मध्ये त्याच प्रतीचे दीड कोटी आले. अकरा वर्षं परक्या हातात राहूनही ग्रेड 9.0. चोरानंसुद्धा वाचलेला दिसत नाही.