गोलूनं पुसलेलं दुकान

कॅनबेरा, रविवार

ती. आई-बाबांस सा. न.

वरणाचा कुकर लावलाय, तोवर लिहून घेते.

बाबा, सध्या कन्हानला रात्रीचे दहा वाजतात तेव्हा इथे पहाटेचे अडीच असतात. त्या वेळी फोन वाजला की पोटात गोळा येतो. आणि तुम्ही काय म्हणालात? "गोलूनं दुकान पुसून टाकलं, पोलिसात जायचं का?" बाबा, दुकान जागच्या जागी आहे, दादा गल्ल्यावर बसलाय. गेली ती वेबसाइट. पोलिसांना दाखवणार काय?

पुढचं गोलूला वाचून दाखवा.

गोलू, साइटच्या फाइली सर्व्हरवर धाडणाऱ्या ज्या आरसिंकला तू शिव्या घालतोस ना, ते माझ्या गावचं आहे. ॲन्ड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ साली ते आणलं, इथल्याच ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत. लाइन मंद, म्हणून अख्खी फाइल पुन्हा न धाडता फक्त बदललेले तुकडे धाडायचे, ही त्याची खुबी. तुझ्या आजीच्या फोनचं नेमकं उलटं: कालचं सगळं पहिल्यापासून आणि शेवटी एक नवी बातमी. (आई, तू तसंच सांगत जा.)

पण याचा एक नियम मलाही डोक्यात जातो. धाडायच्या फोल्डरच्या नावाशेवटी तिरकी रेघ दिली तर आतला माल जातो. नाही दिली तर अख्खा फोल्डरच जातो. एवढ्याशा रेघेपायी! तू ती गाळलीस, म्हणून सर्व्हरवरच्या 'दुकान' फोल्डरच्या पोटात आणखी एक 'दुकान' झालं आणि गिऱ्हाइकाला टाइल्सचे जुनेच भाव दिसत राहिले. मग पोट्ट्या, चिडून तू रेघ दिलीस, पण सोबत डिलीटही जोडलंस. म्हणजे जे माझ्या लॅपटॉपवर नाही, ते तिकडेही नको. लोकांनी हौसेनं साइटवर टाकलेले बाथरूमचे फोटो तुझ्या लॅपटॉपवर कुठून असणार? साफ!

आता नीट बस. विंडोजवर डब्ल्यूएसएलमधून उबंटू घे, त्यात 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल आरसिंक'. सर्व्हरवरही ते असावं लागतं. पासवर्डाच्या जागी चालेल अशी किल्ल्यांची जोडी एसएसएच-कीजेननं कर. डॉट पबवाली सर्व्हरवर, दुसरी कोणालाच नाही, आजोबांनाही नाही. तोवर सर्व्हरचा पासवर्ड टाकताना पडद्यावर ठिपकाही उमटणार नाही. कीबोर्ड बिघडला म्हणून दादाकडून पैसे उकळू नकोस. एसएसएचच्या कन्फिग फाइलमध्ये सर्व्हरचं नाव, पत्ता, युजर एकदाच लिहून ठेव. फोटोंचा फोल्डर एक्स्क्लूडमध्ये घाल, मग डिलीट त्याला हात लावत नाही. आणि दर वेळी आधी ड्राय-रन, सोबत व्हर्बोज! काय जाणार, काय पुसणार, त्याची यादी येते, होत काहीच नाही. गेलेल्यांपैकी बरेच फोटो दादाच्या व्हॉट्सॲपवर सापडतील.

आई, मावशीनं टिपूरला तुला रामटेकला नेलं नाही, तो रुसवा जुलैपर्यंत? तिचा गुडघा बघ, मग बोल. सांडगी मिरची पाठवू नकोस, बियांवर इथल्या लोकांचा फार डोळा. नाही म्हणताना माझाच जीव तुटतो.

बाबा, त्या रात्री बोलताना मागे पुलावर मालगाडी आली. "थांब, गाडी जाऊ दे," म्हणालात. मी अंधारात उभी राहून सगळे डबे ऐकले. गाडी गेल्यावर मला बोलताच येईना, तुम्हाला वाटलं फोन कटला.

शिट्ट्या झाल्या. मोठ्या बाबांनी फरशीचे पैसे दिले का? नसतील दिले तर दादाला म्हणावं, त्यांच्या बाथरूमचा फोटो परत चढवायचा नाही.

तुमची,
बेबी