रेगेक्सराव

जुना सी कोड सांभाळणाऱ्या हिंजवडीतल्या प्रत्येक कंपनीत एक रेगेक्सराव असतातच. चाळिशी ओलांडलेली, गळ्यात आयडी कार्ड, आणि तोंडी एकच पालुपद, "त्यात काय एवढं? दहा ओळींची स्क्रिप्ट आहे!" कोडमधल्या फंक्शनांची यादी काढायला सीटॅग्ज फुकट मिळतं, हे त्यांना ठाऊक असतं. पण घरी चूल पेटलेली असताना डबा लावायचा कशाला, असा त्यांचा बाणा. म्हणून ते स्वतःचा पार्सर लिहितात, तोही निव्वळ रेग्युलर एक्स्प्रेशनवर.

दुसरा गुण म्हणजे समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही.

"सर, तो मॅक्रो दोन..."

"कळलं! दोनदा डिफाइन झालाय."

बिचाऱ्या ज्युनिअर मुलीला 'दोन ओळींवर पसरलाय' असं म्हणायचं असतं.

पार्सरही बापावर गेलेला. एक ओळ वाचली की लगेच निकाल. ओळीच्या शेवटचा बॅकस्लॅश 'थांबा, माझं बोलणं संपलेलं नाही' असं सांगत असतो, पण ऐकतो कोण! मॅक्रोची पहिली ओळ हॅश डिफाइनची, म्हणून ती बाजूला टाकली. तिच्यातला 'डू'नंतरचा उघडा महिरपी कंसही तिच्याबरोबर गेला. खाली 'व्हाइल शून्य'च्या आधीचा बंद कंस मात्र इमानदारीत मोजला. हिशेब उणे एकवर आला आणि त्या मॅक्रोखालची सगळी फंक्शनं यादीतून गायब.

आता तपास. पहिला आरोपी मॅक्रो लिहिणारा, जो केव्हाच अमेरिकेला गेलाय. "१९९९ च्या स्टँडर्डमध्ये इनलाइन फंक्शन आलं, तरी याची खोड गेली नाही!" दुसरा आरोपी विंडोज. इथे रावांची बाजू अगदीच लंगडी नव्हती: विंडोजच्या फाइलमध्ये बॅकस्लॅश आणि न्यूलाइन यांच्यामध्ये कॅरेज रिटर्न बसतो आणि बॅकस्लॅशसाठी त्यांनी मागाहून जोडलेल्या पॅटर्नला नेमका चकवतो. त्याची सोय केली, चहा झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! या वेळी कुणीतरी बॅकस्लॅशनंतर एक स्पेस सोडलेली. ती दिसत नाही. जीसीसी नुसती वॉर्निंग देऊन ओळ जोडून घेतं, आणि वॉर्निंग वाचायची पद्धत आपल्याकडे नाही. रावांनी पॅटर्नला आणखी एक ठिगळ लावलं. तो पॅटर्न आता मोडी लिपीतला वाटतो.

१९८९ च्या आन्सी स्टँडर्डमध्ये क्रम स्वच्छ दिलाय: दुसऱ्या टप्प्यात ओळी जोडायच्या, तिसऱ्यात टोकन पाडायचे, मॅक्रोंचा विचार चौथ्यात. त्या ज्युनिअर मुलीने तो वाचला होता.

"सर, आधी ओळी जोडून घेऊ आणि..."

"अगं, मग लाइन नंबर चुकतील!"

"...आणि जेवढ्या जोडल्या तेवढ्या रिकाम्या ओळी खाली टाकू."

राव गप्प. रेगेक्सरावांच्या चरित्रात असा प्रसंग विरळा. संध्याकाळी मात्र मॅनेजरला मेल गेली: 'पार्सरमध्ये मी सुधारणा केली आहे.'

तुमच्या ऑफिसात असे राव असतील, तर त्यांची स्क्रिप्ट काढून टाकायच्या भानगडीत पडू नका. रात्रीचं बिल्ड तिच्यावरच चालतं. फक्त कोड देण्याआधी बॅकस्लॅशमागची स्पेस तेवढी पुसा, आणि बोलताना क्रियापद शक्यतो आधी घ्या.