कार्यकर्ता का नवरदेव?

पांढरा शर्ट मागणारं गिऱ्हाईक डोणगावच्या कापड दुकानात दोनच जातीचं असतं. त्यामुळे प्रजासत्ताक दिनाच्या आठवडाभर आधी गावातले एक निवृत्त सुभेदार काउंटरपुढे उभे राहिले, तेव्हा गादीवरच्या पोराने नेहमीचाच प्रश्न टाकला, "कार्यकर्ता का नवरदेव?"

सुभेदारसाहेब म्हणजे गावाचे 'मेजर'. फौजेतून परतलेला माणूस नाईक असो की हवालदार, एस.टी. स्टँडवरून घरी पोचेपर्यंत मेजर झालेला असतो. ही बढती संरक्षण मंत्रालयाला न विचारता गाव देतं. तिला पगारवाढ तेवढी नसते. तर या मेजरांना 26 जानेवारीच्या झेंडावंदनाला गडद निळा ब्लेझर घालायचा होता. डाव्या छातीवर पदकं, डोक्यावर पलटणीची टोपी, गळ्यात पलटणीची टाय. राहिला शर्ट. पांढरा, सुती, पूर्ण बाहीचा. कॉलर अशी की टायची गाठ बसल्यावर तिने माना टाकू नयेत, आणि कोटाच्या मागून ती अर्धा इंच, बाहीतून कफ अर्धा इंच दिसावा. बस्स. माणसाने आयुष्यभर सियाचीनपासून जैसलमेरपर्यंत पहारे दिले, त्याला मेहकर तालुक्यात एक शर्ट अवघड जाणार आहे थोडाच?

पोराने आधी कार्यकर्ता काढला. लिननचा, खळ लावल्यासारखा कडक, खिसा दोन मोबाइल मावतील एवढा. वरचं बटण या शर्टाला असतं, पण ते शिवणाऱ्याने लावलं असेल तेवढंच. त्यानंतर ते कुणी लावल्याचं कुणाच्या पाहण्यात नाही. टाय बांधायची म्हटली तर कॉलर दोन्ही बाजूंना पंख पसरून बसली. मग नवरदेव निघाला. त्याच्या कॉलरच्या टोकांना काचेचे खडे होते आणि कापडाला अशी चमक की पदकं बाजूला ठेवून लोकांनी शर्टालाच सलामी द्यावी.

"मिलिटरीचंच पाहिजे ना, मेजर? मग आधी सांगायचं!" म्हणत पोराने तिसरा गठ्ठा टाकला. हिरवे-तपकिरी धब्बे. शर्ट, पँट, बर्मुडा, टोप्या, पाठीवरच्या पिशव्या, दोन वर्षांच्या बाळाची झबली. शत्रूला आपण दिसू नये म्हणून सैन्याने काढलेली ही नक्षी मेन रोडवर सगळ्यांना दिसावी म्हणूनच विकली जाते.

आता कायदा म्हणाल तर आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 नुसार सैनिक नसताना सैनिकाचा पोशाख घातला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मात्र घालणाऱ्याला लोकांनी सैनिक समजावं, असा त्याचा हेतू असावा लागतो. पानटपरीला टेकून उभ्या असलेल्या पोराबद्दल हा आरोप सिद्ध करणं कुठल्याही फौजदाराला झेपणारं नाही.

सैन्यानेही उपाय करून पाहिला. 15 जानेवारी 2022 च्या सेना दिनाला नवा लढाऊ गणवेश संचलनात उतरला. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेकडून, म्हणजे 'निफ्ट'कडून, तो बेतून घेतला होता: सत्तर टक्के सूत, तीस टक्के पॉलिएस्टर, शर्ट खोचायचा नाही. त्या नक्षीची रीतसर नोंदणी झाली, खुल्या बाजारात ती विकायला बंदी आली, आणि पहिले 50,000 संच 15 कॅन्टीन डेपोंना गेले. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातले दोन डेपो, मुंबई आणि खडकी. दिल्ली छावणीतल्या गोपीनाथ बाजारात तर मिलिटरी पोलीस दुकानं तपासत फिरले. सगळं खरं, पण नोंदणी नव्या नक्षीची झाली. जुने धब्बे आठवडी बाजारात आहेत तिथेच आहेत, आणि घासाघीस केली तर दहा-वीस रुपये उतरतातही.

भत्त्याचं म्हणाल तर सातव्या वेतन आयोगानंतर, 2017 पासून, जवानाला गणवेशापोटी वर्षाला 10,000 रुपये मिळू लागले. महागाई भत्ता पन्नास टक्क्यांवर गेल्यावर 2024 पासून त्याचे 12,500 झाले. निवृत्ताला शून्य. सरकारच्या हिशेबात तो घरी बनियनवर बसलेला असतो.

मेजरांना सरकारी शर्टाचंही फार प्रेम नव्हतं म्हणा. हिवाळ्यात पलटणीत मिळायचा तो 'अंगोला शर्ट', लोकर-सुताच्या मिश्रणाचा, नवा असताना मानेला असा टोचायचा की झोप येण्याची भीती नको. या अंगोलाचा आफ्रिकेतल्या देशाशी काडीचा संबंध नाही. तो तुर्कस्तानातल्या अंगोराचा, म्हणजे आजच्या अंकाराचा, अपभ्रंश. नाव चुकलं तरी कापड चुकलेलं नव्हतं. धुऊन धुऊन वीस वर्षं टिकायचं.

असो. दुकान बदललं. इथे 'शंभर टक्के कॉटन' असा सोनेरी शिक्का मारलेला शर्टपीस निघाला. मेजरांनी कडेचा एक धागा ओढला, खिशातून आगपेटी काढली आणि दुकानदार हां हां म्हणेस्तोवर धागा पेटवला. सूत कागदासारखं जळतं, मागे राख राहते. हा धागा आकसला, वितळला आणि टोकाला एक टणक काळा मणी झाला.

"हे कॉटन हाय?"

"मेजर, फील कॉटनचाच हाय," दुकानदार अजिबात न डगमगता म्हणाला. "अस्सल कॉटन कायले घेता? इस्तरी करता करता मरसान."

बोलणं चाललं होतं वऱ्हाडात, हे इथे सांगायला हवं. 1853 साली इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड ताब्यात घेतला तेव्हा त्यांची नजर याच काळ्या रानातल्या कापसावर होती. खामगावच्या गाठी लवकर हलाव्यात म्हणून जलंबहून फाटा टाकला गेला आणि 1870 मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय, लॉर्ड मेयो, आले. गाठी मँचेस्टरला गेल्या आणि कापड होऊन परत आल्या. शेजारचं मेहकर तर विणकरांचंच गाव. तिथल्या मोमीन विणकरांच्या सुबत्तेच्या गोष्टी जुन्या गॅझेटियरमध्ये आहेत. त्या मागांवरच्या कापडाचा धागा कुणी जाळून पाहिला असता तर राखच निघाली असती. आज तालुक्यात सोयाबीनच जास्त दिसतं, आणि सोयाबीनचा शर्ट गावात अजून कुणी पाहिलेला नाही. उरलासुरला कापूस जिनिंगमध्ये जातो, गाठ बांधून बाहेर पडतो, आणि त्याच्या बदल्यात गावात येतं ते टेरिकॉट.

दुकानदाराकडे शेवटचा मुद्दा होता, आणि तो बिनतोड होता. "आता झेंडा बी पॉलिएस्टरचा चालतो, मेजर. मग शर्टाचं काय घेऊन बसले?" तेही खरंच. 30 डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीने ध्वजसंहितेत पॉलिएस्टरला आणि यंत्रावरच्या कापडाला जागा मिळाली आहे. मेजर गप्प झाले. झेंड्याशी वाद घालायची त्यांना सवय नव्हती.

घरी येऊन त्यांनी काळी ट्रंक उघडली. तळाशी, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, जबलपूरला असताना शिवून घेतलेला पॉपलीनचा शर्ट होता. अंग शाबूत, पण कॉलरच्या घडीवर कापड विरलेलं. तो घेऊन ते गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या शिंप्याकडे गेले. तरुण शिंपी आता शर्ट शिवतच नाहीत. ते रेडिमेडची बाही कमी करतात, चेन बदलतात आणि मोबाइल पाहतात. म्हाताऱ्याने चष्मा कपाळावरून नाकावर आणला, कॉलर बोटांत चोळली आणि म्हणाला, "उलटून देतो."

कॉलर उलटणं हे आता किती जणांना ठाऊक असेल! त्याने ब्लेडच्या टोकाने टाके उसवले, कॉलर पट्टीपासून सोडवली. आत पिवळी पडलेली बकरम, जुन्या जाड विणीची. आजकालचं चिकटवलेलं फ्यूजिंग चार धुण्यांत फोड येऊन फुगतं; ही बकरम तीस वर्षांनीही ताठ होती. खालची बाजू वर आणली तर कापड कोऱ्यासारखं पांढरं. पुन्हा टीप मारली, एक काज हाताने भरलं. चाळीस रुपये.

26 तारखेला सकाळी मेजर मैदानात उभे राहिले तेव्हा मागून अर्धा इंच कॉलर दिसत होती, बाहीतून अर्धा इंच कफ. टायची गाठ जागची हलत नव्हती. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं. मग निवेदकाने माजी सैनिकांच्या सत्काराची घोषणा केली. कडक लिननमधले चार जण पुढे सरसावले. एकाने मेजरांच्या खांद्यावर शाल टाकली आणि ती फोटोत नीट यावी म्हणून पुढून गळ्यापर्यंत ओढून घेतली. दुसऱ्याने त्यावर झेंडूचा हार घातला. तिसऱ्याने हातात नारळ दिला. ब्लेझर, पदकं, टाय, कॉलर, सगळं शालीखाली गेलं. शेजारी धब्बेवाल्या बर्मुड्यातली दोन पोरं सेल्फीसाठी घुसली.

"मेजर, इकडं पाहा," फोटोवाला ओरडला.

गर्दीच्या मागे म्हातारा शिंपी टाचा उंचावून उभा होता. त्याने हात वर करून दोन बोटांनी स्वतःच्या मानेशी खूण केली, "कॉलर, कॉलर जरा वर काढा!" पण तोवर बँडवाल्यांनी सुरुवात केली होती.