आकडा न पाहण्याचे संस्कार

हृदयरोगाच्या रुग्णालयांनी एक सद्गुण निष्ठेने जपला आहे, आणि नागरिक म्हणून आपण त्याचे पुरेसे कौतुक केलेले नाही. कॅथलॅबच्या पडद्यावर, धमन्यांच्या चित्राशेजारी, रुग्णाच्या अंगावर किती क्ष-किरण पडले ते सांगणारा आकडा सतत वाढत असतो. त्याच्याकडे टक लावून पाहण्याचा असभ्यपणा सहसा कोणी करत नाही.

2017 साली सरकारने स्टेंटची कमाल किंमत ठरवली, तेव्हापासून बिलातली ती ओळ आपण दोनदा वाचतो. किरण मात्र फुकट, आणि फुकटाचा हिशेब मागायची आपली रीत नाही. साध्या अँजिओग्राफीत सरासरी 7 मिलिसिव्हर्ट पदरात पडतात, अँजिओप्लास्टीत साधारण दुप्पट. निसर्ग बिचारा वर्षभर खपून माणशी सरासरी 2.4 देतो.

यंत्रायंत्रांत फरक असतो, असे काही किरकिरे लोक म्हणतात. नवी यंत्रे चित्रातली खरखर संगणकाने पुसतात, त्यामुळे तेवढेच स्पष्ट चित्र निम्म्या किरणांतही मिळू शकते. जुन्या यंत्रावरही सेकंदाला 15 ऐवजी साडेसात चित्रे घेतली की मात्रा बरीच उतरते. त्याला एक बटण पुरते. पण तुलना करायची तर रुग्णाचे वजन पाहा, क्ष-किरणांची नळी किती कलवली ते पाहा, चित्रण किती वेळ चालले ते पाहा. एवढे करून दोष यंत्राचा, डॉक्टरांचा की रुग्णाच्या पोटाचा, हा वाद उरतोच. घरातल्या दोन सुनांची तुलना करू नये, हे शहाणपण खरेदी समित्यांनी ओळखले आहे. त्या दर, हमी आणि पडद्याची लांबी-रुंदी पाहून उठतात.

जीव वाचत असताना मात्रा कोण मोजतो, हा युक्तिवाद तर बिनतोड. कमी मात्रेतही तोच जीव वाचला असता, एवढीच बारीकशी गोष्ट त्यात मावत नाही. पाच मिनिटे किरण चालले की यंत्र घंटा वाजवते. ती लगेच गप्प केली जाते. रुग्ण जागा असतो, त्याला उगाच कशाला घाबरवायचे?

रुग्णाच्या मात्रेला कायद्याची वार्षिक मर्यादा नाही. डॉक्टरांना आहे: पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट. त्यासाठी छातीवर किरणांची मात्रा नोंदवणारा टीएलडी बॅज लावायचा असतो. काही दूरदर्शी मंडळी तो ड्रॉवरमध्ये सुरक्षित ठेवतात, आणि तीन महिन्यांनी येणारा अहवाल ड्रॉवरची प्रकृती उत्तम असल्याचे कळवतो.