वरचा सा, आवाज बंद

ब विंग, तिसरा मजला, सोफ्याच्या मधल्या गादीचे तहहयात मालक, माझे परममित्र यांस,



गेल्या रविवारी संध्याकाळी आपण मला घरी बोलावून शास्त्रीय संगीताची मैफल टीव्हीवर पाहू दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. ‘ऐकू दिलीत’ असंच लिहिणार होतो, पण सोसायटीच्या बोर्डावर लावायच्या पत्रात खोटं कशाला?

माझा टीव्ही अकरा दिवस उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात दुरुस्तीला पडून आहे. पार्ट आज येतो, उद्या येतो. जीन्सपासून फर्निचरपर्यंत जगातली वाट्टेल ती वस्तू हुबेहूब बनवून देणाऱ्या गावात नेमका माझ्या टीव्हीचा एक पार्ट कुणाला बनवता येऊ नये, हे माझं नशीब. म्हणून तुमच्या दारात उभा राहिलो. तुम्ही म्हणालात, “या की! आमच्याकडे सगळ्यांनाच गाण्याची भारी आवड.” वहिनींनी पोहे केले. अंबरनाथहून लेक-जावई आलेले. आजी त्यांच्या खुर्चीत. साडेसहाला तंबोरे जुळले आणि सहा बत्तीसला आपलं पहिलं मत आलं.

“बाई टेन्शनमध्ये वाटतात.”

बाई डोळे मिटून षड्ज लावत होत्या. हरकत नाही. पुढची मतं लागोपाठ आली. वहिनींनी साडी महेश्वरी असल्याचं सांगितलं (त्या संध्याकाळचं ते एकमेव अचूक मत). लेकीला तबलेवाला कुठल्याशा मालिकेतल्या दिरासारखा वाटला. जावईबापूंनी विचारलं, “हे मोबाइलवर नाही का? दीडपट स्पीडने लावलं तर अर्ध्या तासात होईल.” जावई आहेत, म्हणून तिथे गप्प बसलो. इथे लिहितो. बापू, तुम्ही ज्या गावात राहता तिथलं शिवमंदिर शके ९८२चं, म्हणजे १०६० सालचं आहे, तसा शिलालेख आहे. बाहेरच्या भिंतीवर हाताच्या तळव्याएवढी जागा कोरायची शिल्लक नाही. गाभाऱ्यात जायचं तर पायऱ्या उतरून खाली जावं लागतं, देव तिथे मंद्र सप्तकात बसलेला. त्या पाथरवटांना शिलाहारांच्या दरबारातून कुणी दीडपट स्पीडचा निरोप धाडला नव्हता.

पण माझं भांडण जावयाशी नाही, तुमच्याशी आहे.

त्या बाई मारवा गात होत्या. मी आधी मोठ्या आवाजात “पूरिया!” असं जाहीर करून बसलो होतो, मग पडद्यावर खाली पट्टी आली, ‘राग मारवा’. दोघांचे स्वर तेच असतात, त्यामुळे चूक अगदीच लाजिरवाणी नाही, हे मी सांगायला गेलो तेवढ्यात तुम्ही पोह्यांवर लिंबू मागितलंत. तेही जाऊ दे. तर मारवा. पंचम नाही, ऋषभ कोमल, मध्यम तीव्र, वेळ सूर्यास्ताची. पहिल्यांदाच कुणी वाहिनीवाल्याने राग त्याच्या वेळेवर दाखवला असेल. तुमच्या खिडकीबाहेर मलंगगड काळा पडत चालला होता. या रागात खरी गंमत षड्जाची. गाणारा सा टाळतो. नी, रे, ध असा भोवताली हिंडतो, सा-च्या अंगणात येतो, कडीला हात लावतो आणि मागे फिरतो. तंबोरा सा-सा म्हणून बोलावत राहतो आणि हा बाहेरच. म्हणून मारवा ऐकताना जिवाला घोर लागतो. अमीर खाँसाहेबांची १९६० सालची मारव्याची ध्वनिमुद्रिका आहे, तीत हा घोर ऐकावा. विलंबित झुमऱ्याच्या मात्रा चौदा, पण लय अशी की एक आवर्तन संपायला जवळजवळ मिनिट लागावं. बाई वीस मिनिटं अशा बाहेर हिंडत होत्या. मग वर चढू लागल्या. तार सप्तकाच्या उंबऱ्याशी निषादावर थांबल्या. आजींनी खुर्चीच्या हातावर चाललेलं बोट थांबवलं. मी पोह्यांचा घास तोंडातच धरला.

आणि तुम्ही रिमोट उचलून आवाज बंद केलात.

“नाही, मला एक सांगा,” तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, “ही बाई गाणं कधी सुरू करणार?”

पडद्यावर बाईंचा हात वर गेला, मान किंचित कलली, तबलेवाल्याने हसून पाहिलं, समोरच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने डोळे पुसले. सा लागला होता. तुमच्या पंचावन्न इंची पडद्यावर मी तो पाहिला. माशाने तोंड उघडावं तसा.

तुम्हीच मला गेली कित्येक वर्षं ऐकवत आलात की २००८-०९च्या ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’चा एक भाग चुकवला नाहीत. कोणत्या पोराला कोणत्या गाण्यावर ‘वरचा सा’ मिळाला, हे तुम्हाला बायकोच्या वाढदिवसापेक्षा पक्कं ठाऊक. अहो, परीक्षक ज्याच्या नावाने मार्क देत होते, तो हाच! मार्काच्या पाटीवर नव्हे, माणसाच्या गळ्यातून, वीस मिनिटांची मजुरी करून आलेला वरचा सा. तो तुमच्या दिवाणखान्यात आला आणि तुम्ही त्याचं तोंड दाबलंत, का तर तुमचं मत व्हायचं होतं!

मत पुढे सहा मिनिटं झालं. शास्त्रीयवाले मुद्दाम लांबण लावतात. भीमसेनजींचं ‘मिले सुर’ बघा, सहा मिनिटांत अख्खा देश आटोपला. (तेही १९८८च्या स्वातंत्र्यदिनी आलं आणि त्याचा पाया भैरवीचा, पण सांगायला तोंड कोण उघडू देतो?) मग तुम्ही आवाज पुन्हा सुरू केलात. तोवर द्रुत चालू झाली होती, तबला धावत होता, ताना पडत होत्या. तुम्ही मांडीवर थाप मारलीत. “हां! आता सुरू झालं बघा गाणं!”

मला त्या क्षणी बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांची आठवण झाली. १९५२मध्ये नभोवाणी मंत्री झालेल्या या आपल्या मराठी माणसाने आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार केली आणि लोकांनी निमूट शास्त्रीय ऐकावं म्हणून शनिवारी रात्री संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा फिरवून सिलोन लावलं. तिथे त्याच वर्षी बिनाका गीतमाला सुरू झाली होती. शेवटी १९५७मध्ये सरकारलाच विविध भारती काढावी लागली. आजवर मी केसकरांना हसत आलो. रविवारी संध्याकाळी सहा बावन्नला मला ते पूर्ण पटले. तुमच्या हातातला रिमोट जप्त करायला एक मंत्री हवाच होता.

हे गमतीने लिहितोय असं समजू नका. राग आलाय मला. तुम्हाला मारवा कळला नाही याचा नाही, मलाही तो पट्टी वाचून कळला. आवडला नसता तरी चाललं असतं. उठून गॅलरीत गेला असतात, झोपला असतात. पण तुम्हाला ऐकायच्या आधीच बोलायचं होतं. दाराशी आलेल्या पाहुण्याला आत न घेता त्याच्या चपलांवर शेरा मारावा, तसं.

त्यानंतर तुम्हाला चॅनल बदलायचा होता. आजींना पाणी देऊन आलात, रिमोट उचललात, तो चालेना. दोनदा मांडीवर आपटलात, “सेल गेलेत” म्हणालात. टीव्हीचं बटण मागच्या बाजूला, उठतंय कोण? म्हणून शेवटची भैरवी तेवढी आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकली. भैरवी संपल्यावर आजींनी डोळे न उघडता फक्त “हं” म्हटलं. त्यांचं मत कुणी विचारलं नाही.

खरं तर हे पत्र इथेच संपवून सोमवारी बोर्डावर लावणार होतो. पण बुधवारी मला सकाळी दादरला जायचं होतं आणि मी चुकून तुमच्या डब्यात चढलो.

तुम्ही मला पाहिलं नाहीत. मी दाराशी, कुणाच्या तरी बॅगेखाली. तुम्ही खिडकीपाशी, तुमच्या भजनी मंडळात. गळ्यात टाळ, आणि तो बुटका गृहस्थ डब्याच्या पत्र्यावर ठेका धरत होता. अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी गेलं आणि कल्याणच्या अलीकडे गाडी नेहमीप्रमाणे सिग्नलला उभी राहिली. पंखे घरघरत होते. तेव्हा तुम्ही टाळ थांबवून अभंगाचं पहिलंच अक्षर घेतलंत आणि सोडलंच नाहीत. कानावर हात, डोळे मिटलेले. आवाज थोडा बसका, पण जागेवर. एकाच शब्दाभोवती तुम्ही हळूहळू हिंडत होतात. मला वाटतं, तुम्हाला गाडी सुटायची घाई नव्हती. अडुसष्ट किलोमीटर उभ्याने जाणाऱ्या माणसाला दिवसातली तेवढीच सवड मिळत असेल. घरी यायला रात्रीचे नऊ. त्या माणसाला रविवारी संध्याकाळी कुणी आणखी थांबायला सांगितलं तर तो का थांबेल, हे मला तिथे पहिल्यांदा सुचलं.

तुम्ही वर चढत होतात. आणि दाराजवळच्या एका पोराने कानातला इअरफोन काढून ओरडून म्हटलं, “काका, पुढचं घ्या ना! किती वेळ तेच तेच?”

डबा हसला. तुम्ही थांबलात. डोळे उघडून त्या पोराकडे पाहिलंत, रागाने नाही, अगदी ओशाळून. मग टाळ वाजवून थेट गजर घेतलात, वेगाने. पोर म्हणालं, “हां, आता कसं!”

तुमची शपथ घेऊन सांगतो, मध्ये तीस माणसं नसती तर त्या कार्ट्याच्या कानाखाली मारव्याचा कोमल ऋषभ काढला असता. आज तीन दिवस झाले, तुमचा तो वरचा सा माझ्या कानात अर्धवट लोंबकळतोय. तेव्हा सोसायटीच्या बोर्डावर हे पत्र न लावता दाराखालून सरकवतो आहे. पार्ट आल्याचा निरोप उल्हासनगरहून आत्ताच आला. या रविवारी टीव्ही घरी असेल. मैफल नसली तरी या. अभंग पुरा करा. मी एक शब्द बोलणार नाही.

आपला,
अ विंग, पहिला मजला

ता. क. वहिनींचा पोह्यांचा डबा सोबत ठेवला आहे. रिकामा कसा द्यायचा, म्हणून जांभळं घातली आहेत. जांभळांच्या तळाशी रिमोटचे दोन सेल आहेत. आजींना पाणी द्यायला तुम्ही उठला होतात ना, तेव्हा ते चुकून माझ्या खिशात आले.